कोंडायचं कुणाला

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवरच्या खोक्यात पाठीची पिसं उपटलेली कोंबडी होती.

"वहिनी, सगळ्या हिला टोचतात, तर हिलाच वेगळी ठेवा ना."

"आठवडाभर ठेवली. बाहेर सोडली, की ती तुरेवाली कोंबडी पुन्हा अंगावर, आणि तिच्यामागून बाकीच्या."

"मग कापून टाका. आई तेच म्हणते."

"मुळीच नाही. तुरेवालीलाच पिंजऱ्यात घातलंय. ही अंगणात फिरेल."

"तुरेवाली रोज अंडं देते हो!"

"देऊ दे की पिंजऱ्यात बसून."

"आई चिडेल."

"चिडू देत. मार हिने खायचा आणि कोंडायचंही हिलाच? माझ्या वेळी झालं तेवढं पुरे, ताई. तुम्ही दारातच उभ्या राहून बघत होतात."

नणंद खोक्यातल्या कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"आपला नंबर आला वाटतं."

"खोकं द्या इकडे. आईला मी सांगते."