छपरासकट फोटो

—नाही नाही, उठू नका आपा, चहा यायचाय अजून. ढाक्याहून एवढ्या लांब आलात, या कोहिनूर बेगमच्या यशाची गोष्ट लिहायला, आणि नुसते मुरमुरे खाऊन जाल? बसा. अंगणात चटईवर बसल्यात ना, त्या माझ्या गटातल्या बाया. तुमच्या स्वागताला? हो, तसंच समजा. खरं तर माझा आजचा हप्ता चुकलाय, आणि एकीचा चुकला की सगळ्यांनी बसून राहायचं, घरी चुली थंड का पडेनात. ते कर्ज देणाऱ्या संस्थेचे साहेब सायकल टेकवून उभे आहेत, तेही त्यासाठीच. तुमच्यासमोर बोलणार नाहीत. पाहुणे असले की फार सभ्य माणूस—पोरांच्या अभ्यासाची चौकशी करतो!

छप्पर आवडलं? आवडणारच. कर्ज गायीसाठी होतं—ते पैसे नवऱ्याने सौदीला पाठवणाऱ्या दलालाला दिले, दलाल पळाला, नवरा ढाक्यात रिक्षा ओढतोय. मग तो हप्ता फेडायला दुसऱ्या संस्थेचं कर्ज, तिचा फेडायला तिसरीचं. तिन्ही साहेब एकाच टपरीवर चहा पितात. आणि बायकांनाच का देतात कर्ज? म्हणे, हातात पैसा आला की बाई उभी राहते. डोंबल उभी राहते! पुरुष पळून जातो, बाई चुलीपाशी सापडते—एवढंच.

वर काय बघताय? ती भोकं? जुन्या खिळ्यांची. ते चार पत्रे मोर्शेदाचे—शेजारी नुसतं जोतं उरलंय ना, तिथे राहायची. तिचा हप्ता चुकला तेव्हा आम्हीच गेलो. साहेब कशाला हात लावतील? ते म्हणाले, 'तुमच्या गटाचा प्रश्न, तुम्हीच सोडवा.' सोडवला. गटप्रमुख मी, म्हणून पुढे मी. पत्रे उतरवले, बाजारात कवडीमोलाने मागत होते, मग मीच घेतले—कुणीतरी घेणारच होतं की! तरी पुरेना. मग नाकातली चमकी. आमच्यात नवरा मेल्यावरच उतरवतात ती, आणि तिचा तर समोर उभा, विडी ओढत. म्हणाली, 'अगं आपा, माझा माणूस जिवंत आहे.' मी म्हटलं, 'मग त्यालाच सांग की भरायला!' सगळ्या हसल्या. मीही. —मुरमुरे घ्या ना.

कुठे गेली? कुणाला ठाऊक. सकाळी त्या भोकांतून ऊन माझ्या अंथरुणावर पडतं. मी अंथरूण सरकवते, तर ऊनही सरकतं.

ती शिडीवाली? शेफाली, माझी धाकटी जाऊ. भोपळे काढायला आणलीय म्हणता? तुम्ही शिकलेली माणसं फार गोड असता हो. तुम्ही आहात तोवर ती शिडी भिंतीला लावणार नाही, म्हणून तर बसा बसा करतेय केव्हाची. आणि तिचं तरी काय चुकलं? मी न भरलेला हप्ता गटातल्या सगळ्यांनी भरायचा, म्हणजे तिच्या पोरांच्या ताटातून जायचा. थुंकावंसं वाटतं, आपा—पण कुणावर? चटईवर सगळी घरचीच माणसं.

ती पर्स ठेवा आत. आजचा हप्ता भराल, पुढच्या मंगळवारचा भरायला याल?

फोटो हवाय ना? काढा. अशी उभी राहते—वरचं छप्पर येऊ दे सगळं. आणि ही माझ्या नाकातली चमकी, नीट दिसू दे. हसू? हसते. झालं? मग निघा आता. चहा येणार नाही, चूलच पेटवलेली नाही.

शेफाली, लाव गं शिडी. आणि जपून चढ—पत्रा वाकला तर भाव येत नाही.