बारा नावांची चिठ्ठी

नाही हो मावशी, चोरी कसली — आपल्याच हातानं टाकलेली चिठ्ठी परत मागितली तर ती चोरी होते का? नाही होत. किल्ली तुमच्या कमरेला, चर्चची पेटी ही समोर, दोन मिनिटांचं काम. तो झाडू ठेवा ना जरा खाली. पाळकसाहेब आले की संपलंच — पेटी उघडतील, आणि उद्याच्या उपासनेत नावं वाचतील. आपली रीतच आहे ना ती? काम गेलेल्याचं नाव वाचायचं, त्यानं उठून उभं राहायचं, मग मंडळीतलं कुणीतरी म्हणतं, सोमवारी ये माझ्याकडे. माझ्या भावाला बेकरीत असंच तर लागलं काम. चांगली रीत आहे — म्हणून तर टाकली मी चिठ्ठी! बारा नावं.

कुणाची म्हणजे? आमच्या कारखान्यातली. सुपरवायझर ना मी — वरून सांगितलं बारा जण काढा, काढले. नोटिसा कालच निघायच्या होत्या. म्हटलं, रविवारी लगेच नावं वाचली जाऊ देत, बिचाऱ्यांचा एक दिवस फुकट जायला नको — अन्न गोड लागत नव्हतं हो मला. आणि काल संध्याकाळी साहेब म्हणतात, मंगळवारी देऊ! म्हणजे उद्या ती माणसं बायकापोरांसह बाकावर बसलेली, कुणाला कशाचा पत्ता नाही, आणि अचानक स्वतःचं नाव... यादी फोडली म्हणून तेरावा मीच. घाबरलोय मावशी.

उघडता? देव भलं करो तुमचं. ती निळी, चार घड्यांची — द्या इकडे. उलगडू नका, माझं अक्षर लागायचं नाही तुम्हाला. शेवटचं खोडलेलं? ते काही नाही, मेव्हण्याचं होतं. बायकोनं रडून घर डोक्यावर घेतलं — मग बारा भरायला कुणीतरी नको का? पॅकिंगमधली एक मुलगी, नवीनच आहे, तिचं निभेल म्हटलं...

चष्मा कशाला लावताय? मावशी, ती तुमची लेक आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं — होतं. होतं लक्षात. घरी काकांची औषधं तिच्या पगारातून येतात, तेही माहीत होतं.

शिव्या द्या हवं तर. पाळकसाहेबांची पावलं वाजताहेत बाहेर — आणा ती चिठ्ठी. मावशी? परत पेटीत का टाकताय? मावशी — कुलूप नका लावू —