साहेबाला तोंड दाखवणे

हसू नका, पण नोकरकपातीच्या भीतीने मी चक्क इस्त्रीचा ड्रेस घालून ऑफिसला गेले होते. तीन वर्षं मी बिबवेवाडीतून, घरूनच काम करतेय, आणि कॅमेरा कायम बंद. मग ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की कपातीत घरून काम करणारे आधी जाणार.

आमचे बाबा निवृत्त हेडक्लार्क. ते म्हणाले, “नोकरी टिकवायची तर साहेबाला रोज तोंड दाखवावं लागतं. आम्ही जन्मभर दाखवलं.”

झालं! दोन बस बदलून खराडीचं ऑफिस गाठायचं आणि मॅनेजरच्या केबिनसमोर बसायचं. चार दिवस साहेब समोरून गेले, मी रोज उठून हसले. पाचव्या दिवशी ते थांबले.

“आपण मुलाखतीला आलाय का? एचआर पलीकडे बसतात.”

“सर, मी अनघा. तुमच्याच टीममधली.”

“अनघा? अहो, आवाजावरून आत्ता ओळखलं! गेल्या महिन्यात बंद पडलेली सिस्टीम तासाभरात चालू केली, त्या तुम्हीच ना? कपातीची यादी कालच गेली, तुमचं नाव नाही त्यात. पण या आठवड्यात तुमचं काम का रखडलंय?”

“सर, बसमध्ये होते.”

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

“म्हणजे तुझं तोंड न बघता ठेवलंय तुला. मग आता कशाला दाखवायला जातेस?”