रायफलच्या दस्त्याचे दोन स्क्रू

कुकरच्या दांड्याचा स्क्रू रुमालात बांधून मावशी दुकानाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे एक आजोबा आणि त्यांची नात.

नातीनं दोन जुने स्क्रू दुकानदारापुढे ठेवले. “पॉइंट टू-टू रायफलच्या दस्त्याचे आहेत. मापाला हेच, पण स्टीलचे आणि त्या षटकोनी ॲलन कीने आवळायचे द्या.”

“अगं, कंपनीचे स्क्रू आहेत ते! तीस वर्षं टिकलेत.”

“तीस वर्षं तुमचे दात तरी टिकले का आजोबा? दहा गोळ्या झाडल्या की दस्ता हलतो. रविवारी माझी नेमबाजीची स्पर्धा आहे.”

“मी देतो ना घट्ट आवळून.”

“नको. आज बदलायचेच.”

“खाच पार खाऊन टाकलीय की!” दुकानदार म्हणाला. “कोणी केलं हे?”

“मीच. स्क्रूड्रायव्हर सटकला.”

आजोबा खाकरले. “तिनं नाही हो. या स्क्रूंना तिला मी कधी हातच लावू दिला नाही. हात माझा थरथरतो.”

“असू दे ना, आजोबा.”

“असू दे काय? द्या हो, तिला हवेत तसलेच द्या. आणि ती ॲलन कीसुद्धा.”

“तुमच्या पिशवीत टाकू?”

“नाही. तिच्या हातात द्या.”