हात लागलाच नव्हता

नाही, पण माझं म्हणणं एवढंच आहे की हात लागलाच नव्हता. सरांचा तळहात आणि माझी छाती यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं, वीतभर, आणि तरीही मी मागे गेलो, तेही थोडाथोडका नाही, आठ फूट, थेट भिंतीला लावलेल्या गाद्यांवर जाऊन आदळलो, आणि बाकीचे म्हणाले, "वा." वा काय वा? अहो, पडलेल्या माणसाला विचारा ना काय झालं ते... पण विचारतो कोण. तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून अकरा महिने माझ्या जिवाला घोर लागला.

आता तुम्ही म्हणाल, गेलात कशाला तिथे? डॉक्टरांमुळे. रक्तदाब मोजताना डॉक्टर म्हणाले, "एवढं घाबरता कशाला?" मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसतो. सव्वीस वर्षं. खिडकी म्हणजे लाकडी फळीला पाडलेलं ताटाएवढं भोक, आणि त्यातून दिवसभर हात आत येतात. गढूळ पाण्याची बाटली धरलेला हात, तुटका नळ धरलेला हात, आणि काहीच न धरलेला हात, तो सगळ्यांत वाईट. हात आत आला रे आला, की मी पाय जमिनीला रेटतो आणि चाकांची खुर्ची सर्रकन मागे. फरशीवर दोन चर पडलेत. साहेब म्हणतात, फरशी बदलायला हवी. माणूस बदलायला हवा असं अजून म्हणाले नाहीत, पण ती भीती आहेच.

तर बायको म्हणाली, "अहो, ते घड्याळवाले सर ती सावकाश करायची चिनी कुस्ती शिकवतात ना, फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये, तिथे जा. नुसतं उभं राहायचं असतं म्हणे. तेवढं जमेल तुम्हाला."

नुसतं उभं राहायचं! गुडघे किंचित वाकवून, हात पुढे गोल धरून, झाडाला मिठी मारल्यासारखं, वीस मिनिटं. सातव्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात, दहाव्याला आपण कुणाचं काय वाईट केलं होतं ते आठवायला लागतं, आणि सर मागून येऊन खांद्यावर एक बोट टेकवतात. "इथे काय लपवलंय?" म्हटलं, "सर, खांदा आहे." "खांदा दिसतोय मला. आवळून काय धरलंय ते सोडा." आता सव्वीस वर्षं धरलेलं असं एकदम कुठे सोडणार? खाली फरशीवर?

सर एकाहत्तर वर्षांचे. अंगानं एवढेसे. पंचेचाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली आणि त्यातली चाळीस वर्षं ही विद्या. बोलतात हळू, डोळ्याला भिंग लावल्यासारखे बारीक बघत. "ताकद दंडात नसते," म्हणतात, "दंड म्हणजे नुसते काटे. ती टाचेखालून निघते, कमरेत वळते, पाठीतून चढते आणि बोटांशी येते तोवर तिचा आवाजसुद्धा होत नाही. पण मधे एक सांधा आवळलेला असला की संपलं. एवढासा कचरा अडकला तरी घड्याळ बंद पडतं." आणि दुसरं म्हणजे ऐकायचं. कानानं नाही हो, हातानं. समोरच्यावर हात टेकवायचा आणि त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो कुठे घट्ट आहे, कुठे सैल, ते ऐकायचं. सगळं सुरेख आहे, माझी काही तक्रार नाही. मला फक्त भीती वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "खिडकीवाले, पुढे या." आणि हात उचलला. झालं... हात समोरून यायला लागला आणि माझे पाय म्हणाले, खुर्ची मागे. खुर्ची नव्हती, पण पायांना कोण सांगणार? तिथून जो सुटलो तो गाद्यांवर. उठून बघतो तर सर स्वतःचा तळहात उलटासुलटा करून बघत होते. म्हणाले, "हात लागला नव्हता." मी म्हटलं, "हो सर, नव्हता." आता यात खोटं काय आहे? अक्षरनअक्षर खरं. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि म्हणाले, "चाळीस वर्षांनी ती ताकद उमटली शेवटी अंगात." तुम्ही सांगा, तुम्ही असतात तर त्या वेळी तोंड उघडलं असतं?

आणि मग आली पंचाईत. माझ्यानंतरची पाळी औषधाच्या दुकानदाराची. मी आठ फूट गेलो म्हटल्यावर तो बिचारा जागेवर कसा उभा राहणार? तो सहा फूट गेला. शिवणकामवाल्या बाई तर गिरकी घेऊन गेल्या. महिन्याभरात अशी अवस्था की सरांनी दारातून बोट वर केलं तरी आम्ही ओळीनं आडवे, वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं पडावेत तसे. अंतर वाढत गेलं. वीतभराचं हातभर झालं, हातभराचं दोन हात झालं. सरांनी कुणाला हात लावणंच सोडलं. ते ऐकणं-बिकणं सगळं मागे पडलं, आणि हे सगळं कुणामुळे? पाणीपुरवठ्यामुळे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं हो, रविवारी दोनदा पडायचं आणि घरी यायचं. पण खाली गोदामात एक माणूस आहे, सगळे त्याला कपाट म्हणतात, कारण तो लोखंडी कपाट एकटा पाठीवर घेऊन जिना चढतो. तो एक दिवस वर आला, केसांत चुना घेऊन. म्हणाला, "तुम्ही वर काय पाडता हो? माझ्या सोफ्यांवर छत पडतंय." सर हसून म्हणाले, "माणसं पाडतो. हात न लावता." कपाट म्हणाला, "मला पाडा." सर म्हणाले, "रविवारी सकाळी या." कपाट म्हणाला, "येतो. पण मी नाही हललो तर मग मी तुम्हाला एक धक्का देणार, चालेल?" आणि सर म्हणाले, "चालेल."

चालेल! सरांच्या छातीत दोन वर्षांपूर्वी यंत्र बसवलंय, ठोके नीट पडावेत म्हणून. त्यांना भरलेली बादली उचलायला बंदी आहे. आणि कपाटाचा पंजा म्हणजे पोळपाट.

मंगळवारी सरांच्या घरी खरं सांगायला गेलो. सर खिडकीशी बसून एक जुनं घड्याळ पुसत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "खिडकीवाले, तुम्ही आला नसतात तर मला माझंच कळलं नसतं." मी म्हटलं, "आज उकडतंय, नाही?" आणि परत आलो. बुधवारी गोदामात गेलो. कपाटाला म्हटलं, "दादा, रविवारी थोडंसं पडाल का?" पाठीवर कपाट घेऊनच तो थांबला. "पडू? मला पडायची सवय नाही हो. मी पडलो तर माझ्यावर कपाट पडतं." घरी आलो तर बायको भाजी निवडता निवडता वर न बघता म्हणाली, "म्हणजे तुम्ही घाबरता म्हणून त्या म्हाताऱ्याचा जीव जाणार."

रविवार उजाडला. कपाट मधोमध उभा. सरांनी दोन हात अंतरावरून तळहात उचलला. आम्ही तिघं सवयीनं मागे सरकलो. कपाट मान खाजवत होता. सर एक पाऊल पुढे गेले. कपाट म्हणाला, "सुरू झालं का?" सर आणखी पुढे, वीतभर अंतर... काही नाही. सरांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ते पुन्हा आपल्या तळहाताकडे बघत होते, पण त्या दिवसासारखं नाही. कपाट म्हणाला, "आता माझी पाळी ना?" आणि त्यानं ते दोन पोळपाट उचलले.

मी मधे गेलो. कसा गेलो, मला विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा येणाऱ्या हाताच्या दिशेनं गेलो, आणि तोंडातून काय निघावं? "माझी तक्रार आहे." सव्वीस वर्षं ऐकलेलं वाक्य, तेच बाहेर पडलं. म्हटलं, "सर, हात लागलाच नव्हता. कधीच नव्हता. मी भिऊन पडत होतो."

सर म्हणाले, "अकरा महिने?" म्हटलं, "हो." औषधवाला ट्यूबलाइट बघत होता. बाई पुटपुटल्या, "मी यांना बघून पडत होते." मला वाटलं, आता धक्क्याची गरजच नाही, हे इथेच बसतील खाली आणि त्याला मी जबाबदार. पण सर म्हणाले, "उभे राहा." आणि माझ्या छातीवर तळहात ठेवला. लागला. गरम होता, लहानसा. माझे पाय पळायला निघाले, तर सर ढकलेनात, हात तसाच ठेवून नुसते थांबून राहिले, माझे पाय पळून पळून दमेपर्यंत. आणि मग, तुम्हाला सांगतो, कुठून काय आलं मला दिसलं नाही, त्यांचा दंड हललासुद्धा नाही, पण मी मागे गेलो. अडीच पावलं. गाद्या लांबच राहिल्या. सरांनी मोजली. "अडीच," म्हणाले, आणि खूप वेळ त्या फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढीच आहे. पण माझी आहे." मला रडू आलं, त्यात लपवायचं काय.

मग त्यांनी कपाटाच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ऐकलं. आणि कपाटाची डावी टाच उचलली गेली, बोटभर. त्यानं टाचेकडे बघितलं, सरांकडे बघितलं, स्वतःची पाळी काही घेतली नाही. "चुना झाडायचाय," म्हणाला आणि खाली गेला. सर वाचले. मी म्हटलं, सुटलो.

सुटलो कसला. आता हात लागतो. दर वेळी लागतो. सर म्हणतात, अकरा महिने वाया गेले, आता खरी सुरुवात, घाबरू नका, ऐका. मी ऐकतो हो, मला सगळं ऐकू येतं, बरगडीसुद्धा. आणि कपाटानं नाव घातलंय क्लासला. येत्या रविवारपासून माझी जोडी त्याच्याशी. सरांनी गाद्या काढून खाली गोदामात ठेवायला दिल्या, म्हणाले, आता कुणी उडणार नाही.