खांब काढायचा राहिला

जबाब, दि. १३ नोव्हेंबर १९९७

मी, अंबिका उत्तम घाडीगावकर, वय २४ वर्षे, धंदा नोकरी (संगणकावर इमारतींचे नकाशे काढणे), राहणार बीडीडी चाळ, वरळी, मुंबई. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी आई व मामा कुशाबा यांच्यासह राहते. मामा एका मिलच्या नकाशे विभागात होते. संपानंतर ती मिल पुन्हा सुरू झाली नाही. घरी बसल्यावर त्यांनी मला फळीवर कागद ताणून रेखाकाम शिकवले. आपण काढलेले आपणच तपासायचे नाही, दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, असा त्यांचा नियम आहे. पुढे मी संगणकाचा कोर्स केला. सध्या दादर येथे आर्किटेक्ट रमाकांत सबनीस यांच्या कार्यालयात काम करते.

लालबाग येथील नारायण केशव चाळीच्या दुरुस्तीचे काम आमच्याकडे आहे. खोल्यांतील मोऱ्यांच्या भिंती तोडून तेथे संडास व न्हाणी बांधायची आहे. या भिंतींच्या पोटात सागवानी खांब आहेत व त्यांवर वरच्या मजल्याची तुळई टेकलेली आहे. भिंत तोडायची व खांब ठेवायचा, असे ठरले होते. मापे मी स्वतः घेतली होती.

सर्व खोल्या सारख्या असल्याने मी एकच खोली काढली व तिचे शिक्के सगळीकडे लावले. कार्यालयात आम्ही त्याला शिक्काच म्हणतो. मूळ शिक्क्यात बदल केला की सगळ्या खोल्या आपोआप बदलतात. एकाच खोलीत बदल हवा असेल तर तिचा शिक्का आधी फोडून घ्यावा लागतो, म्हणजे ती खोली बाकीच्यांपासून सुटी होते.

टोकाच्या एका खोलीत पूर्वीच लोखंडी गर्डर घातलेला असल्याने तेथे खांब नाही. सोमवारी मी डबा धुवायला गेले असताना सबनीस साहेबांनी माझ्या जागेवर बसून त्या खोलीतला खांब पुसला. शिक्का फोडला नव्हता. त्यामुळे सगळ्या खोल्यांतले खांब गेले. साहेबांनी हे मुद्दाम केले, असे माझे म्हणणे नाही. पडद्यावर ती एकच खोली मोठी करून घेतलेली होती, बाकीच्या दिसत नव्हत्या. तशीच प्रिंट त्यांनी चाळीवर पाठवली.

ही गोष्ट मला मंगळवारी सकाळी कामावर आल्यावर दिसली. मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले, “अगं, मिस्त्री काय आंधळा आहे? फोन करून सांग.” मी नकाशा दुरुस्त करून नवी प्रिंट त्यांच्या टेबलावर सहीसाठी ठेवली. ते मीटिंगला निघाले होते.

चाळीखालच्या वाण्याकडे फोन आहे. धर्मा मिस्त्री स्वतः फोनवर आले. त्यांची व माझ्या मामांची जुनी ओळख आहे. ते मला बाय म्हणतात. आमचे बोलणे झाले ते असे.

मी म्हटले, “धर्मादादा, मोरीच्या भिंतीतला खांब काढायचा राहिलाय. सगळ्या खोल्यांत.”

ते म्हणाले, “सगळ्या?”

“हो. ती टोकाची सोडून, तिथे नाहीच.”

“बरा झाला बाय, फोन केलंस. नकाशात खांब दिसना, म्हणान मी काल हात लावूक नाय. साहेबांक ठाव आसा मा?”

“हो, त्यांनीच सांगितलंय फोन करायला. मी नवी प्रिंट पाठवते.”

“प्रिंट कित्याक? कळला माका. मामाक सांग, भाची साहेबीण झाली.”

मी हसले व फोन ठेवला.

काढायचा म्हणजे नकाशात काढायचा, असे माझ्या मनात होते. आमच्याकडे दिवसभर त्या शब्दाचा तोच अर्थ असतो. मिस्त्रींच्या कामात काढणे म्हणजे काढून टाकणे. त्यांना काय कळले, हे मी विचारले नाही.

त्याच दिवशी दुपारी तळमजल्यावर सोनूबाई यांच्या खोलीतील खांब कापल्यावर तुळई खाली आली. सोनूबाई देव न्यायला आत आल्या होत्या, असे समजले. त्यांच्या डाव्या पायावर तुळई पडली. धर्मा मिस्त्री यांनीच त्यांना ओढून बाहेर काढले. मी काल रुग्णालयात गेले होते. सोनूबाई झोपल्या होत्या, म्हणून मी थांबले नाही. त्या खोलीची मापे घेताना टेपचे दुसरे टोक त्यांनी धरले होते.

ठेकेदारांच्या तक्रारीत असे आहे की, खांबाविषयी कार्यालयातून फोन येऊनही धर्मा मिस्त्री यांनी सागवानाच्या लोभाने खांब कापला. त्यावरून ते कोठडीत आहेत. हे खरे नाही. तो फोन मी केला होता. खांब ठेवा, असे मी म्हटले नाही. माझा फोन येईपर्यंत त्यांनी खांबाला हात लावलेला नव्हता.

आज सकाळी सबनीस साहेब मला म्हणाले, “खांबाबद्दल फोन केला होता, एवढंच सांग. ते खोटं नाही ना?” मी म्हटले, “खोटं नाही.” ते म्हणाले, “मग झालं तर. उगाच शब्दांचा कीस काढू नकोस.” मी तेथून निघून इकडे आले. मामांना मी अजून यातले काही सांगितलेले नाही.

वरीलप्रमाणे लिहून झाल्यावर हवालदार साहेबांनी जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात फोनच्या ठिकाणी “खांब नकाशात दाखवायचा राहिला आहे” असे लिहिले होते. मी तसे बोलले नाही, असे सांगितले. ते म्हणाले, “ताई, अर्थ तोच ना? तुमच्याच फायद्याचं लिहिलंय.” मी म्हटले, “माझा अर्थ तोच होता. पण त्यांच्या कानावर तो पडला नाही.” माझ्या विनंतीवरून “नकाशात दाखवायचा” हे शब्द खोडून तेथे “काढायचा” असे लिहिले असून खाडाखोडीजवळ मी सही केली आहे.

जबाब मला दुसऱ्यांदा वाचून दाखवला. आता तो मी बोलले तसा आहे.

सही/-
अंबिका उत्तम घाडीगावकर