दोन पदव्यांच्या फटीत

नाही, पण मी म्हणतो, मी विचारलं काय होतं? सरकार कसं पडलं ते विचारलं होतं? कुणाची भानगड विचारली होती? प्रश्न एवढाच, की माझी मुलगी पदवीधर आहे की नाही? हो की नाही! दोनच उत्तरं, त्यातलं एक उचला आणि माझ्या तोंडावर फेका! उभा जन्म बातमीदारीत गेला, मंत्र्यांच्या तोंडून 'हो' काढलंय, 'नाही' काढलंय, एकाच मंत्र्याच्या तोंडून एकाच दिवशी दोन्ही काढलंय! पण त्या स्थापत्य विभागात... तुम्हाला सांगतो, घाम फुटला मला.

झालं असं. आमची लेक स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. रस्ते, पूल, धरणं. लहानपणी अंगणात चिखल झाला की बाकीची पोरं त्यात नाचायची, ही बांध घालायची. आणि नाचणाऱ्यांना हाकलायची! तर तिनं अभ्यासक्रम घेतला तो जोड. संयुक्त! पदवी आणि पदव्युत्तर पदवी, दोन्ही एकत्र, पाच वर्षांत. मी म्हटलं वा, एका दगडात दोन पक्षी! मला काय ठाऊक, दगड दोन पक्ष्यांच्या बरोबर मधून जातो म्हणून?

चौथं वर्ष संपलं, पास झाली. आता कुठल्याही सरळ माणसाला काय वाटेल? पदवी झाली, वरचं एक वर्ष राहिलं. वाटेल की नाही? मलाही तेच वाटलं. आणि बाईसाहेब गेल्या सर्वेक्षणाच्या शिबिराला, डोंगरावर. म्हणजे तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण ठेवायची, समोर एकानं उन्हात पट्टी धरून उभं राहायचं आणि डोंगर किती उंच ते काढायचं. अरे, डोंगर आहे तिथेच आहे, कुठे जात नाही तो! पण नाही. आणि तिथे फोनला रेंज नाही.

नेमका तेव्हाच फोन आला. पूल बांधणाऱ्या कंपनीतून. नदीवर मोठा पूल उभा राहतोय, तिथे हिला घ्यायचं चाललं होतं. घरात दुसरा विषय नाही हो! जेवताना पूल, दात घासताना पूल. आमची ही म्हणते, "लग्न ठरलं असतं तरी एवढी खुलली नसती." तर कंपनीतल्या बाई, आवाज असा, की लिफ्टमध्ये मजला सांगतात ना, तसा... "आपली मुलगी पदवीधर आहे का? शुक्रवारपर्यंत विभागाकडून लेखी कळवावं. अन्यथा जागा दुसऱ्याला जाईल." म्हटलं, "आहे म्हणजे काय, आहेच!" "लेखी." आणि ठेवला फोन!

मी चपला घातल्या. ही म्हणाली, "अहो, येऊ दे की तिला. तिला विचारल्याशिवाय काही करू नका."

"विचारू कुठे? डोंगराला?"

"दोन दिवस थांबलात तर काय बिघडेल?"

"जागा गेल्यावर येऊन काय पूल नुसता बघायचाय तिनं?"

निघालो. आता तो विभाग कसा, तर जुन्या इमारतीत पदवीचं ऑफिस, नव्या इमारतीत पदव्युत्तरचं, आणि मधे जोडणारा बोळ. आणि दोन्ही इमारतींची जमीन एका पातळीत नाही! स्थापत्य विभाग, हां! जगाला पातळी शिकवतात, आणि स्वतःच्या बोळात मधेच एक पायरी, ना कुठे पाटी, ना रंगाचा पट्टा! मी आपटणार होतो. शिपाई शांतपणे म्हणाला, "सगळेच अडखळतात साहेब. प्रमुख तर रोज."

जुन्या ऑफिसात बाई. चष्मा डोक्यावर आणि त्या टेबलावर चष्मा शोधतायत. म्हटलं, "मुलगी पदवीधर आहे की नाही?"

"जोडवाली ना? जोडवाल्यांना दोन्ही पदव्या शेवटी, एकदम."

"मग आत्ता ती कोण?"

"आमच्याकडून ती गेली."

गेली! अहो, धडधाकट मुलगी, डोंगरावर दुर्बिणीला डोळा लावून बसलीय, आणि म्हणे गेली! "कुठे गेली?" तर म्हणे, "तिकडे. नव्या इमारतीत."

बोळ, पायरी, अडखळलो. नव्या ऑफिसात एक तरुण गृहस्थ, टेबलावर कुंडी, झाडाची पानं ओल्या कापसानं पुसतायत, एकेक. म्हटलं, "मुलगी तिकडून गेली, इकडे आली का?"

"नाही आली."

"अहो, गेली म्हणतात!"

"गेली असेल. पण आमच्याकडे यायचं तर आधी पदवीधर असावं लागतं. आहे का ती पदवीधर?"

आता काय करावं? मी तेच तर विचारायला आलोय ना रे बाबा!  मग शिपायाकडून कळलं, वसतिगृहातही हाच घोळ! पदवीच्या मुलींच्या खोलीतून हिला काढली, चार वर्षं संपली म्हणून. पदव्युत्तरच्या मुलींकडे घेईनात, पदवी नाही म्हणून. हिची गादी, ट्रंक आणि ती नकाशांची लांब नळी, सगळं जिन्याखाली! पोरीनं घरी चकार शब्द सांगितला नाही. ग्रंथालयात इकडच्या मुलांना थोडी पुस्तकं, तिकडच्यांना जास्त, आणि हिला? हिला तिथेच उभ्यानं वाचायची परवानगी! मग मला सांगा, मुलगी पदवीधर आहे की नाही?

गेलो विभागप्रमुखांकडे. गोड माणूस. फार गोड. अशा माणसाशी भांडताच येत नाही. "बसा, बसा! छान प्रश्न आहे!" अरे, छान काय त्यात? उठले, फळ्यावर दोन चौकोन काढले, मधे फट ठेवली. "हे बघा, पुलाचे दोन भाग आपण कधीच घट्ट चिकटवत नाही. उन्हानं ते फुगतात. मधे फट ठेवावी लागते, नाहीतर पूल तडकेल. ही पदवी, ही पदव्युत्तर..."

"आणि माझी मुलगी फटीत!"

"अगदी बरोबर समजलात!" खूश झाले हो! मला वाटलं आता पाठ थोपटतात. मग म्हणे, काही विषय दोन्हींकडे धरतात, म्हणजे अभ्यास एकदाच, परीक्षा एकदाच आणि गुण दोन्ही पदव्यांना. म्हटलं, "म्हणजे एकदाच जेवायचं आणि दोघांनी ढेकर द्यायचे?" तर म्हणे, "हो, पण म्हणूनच पदवी आधी दिली तर ते विषय तिथेच खर्ची पडतात, पुढच्या पदवीला धरता येत नाहीत. शक्यतो आम्ही देत नाही. कुणी मागितली तर..."

कुणी मागितली तर! म्हणजे मिळते! मग काय, मी सुटलो. टेबलावर हात आपटला, चहा सांडला, फळ्यावरचे दोन्ही चौकोन पुसले आणि म्हटलं, "उद्याच्या पेपरात मथळा छापतो... चार वर्षं शिकून मुलगी कोण, विभागाला ठाऊक नाही! आजच्या आज पदवी!" प्रमुख बिचारे घाबरले. दोन्ही ऑफिसच्या माणसांना बोलावलं, ते आपापल्या बाजूनं येऊन बोळात उभे, एक पायरीच्या वर, एक खाली, मधे मी! आणि प्रमुखांनी हुकूम काढला, विशेष बाब म्हणून पदवी द्यावी, दोन्ही ऑफिसांनी सह्या कराव्यात. बाईंनी तिथल्या तिथे सही ठोकली, गृहस्थ हुकूम वाचायला म्हणून घेऊन गेले. मी छाती काढून घरी आलो आणि शुक्रवारी सकाळी कंपनीला फोन लावला.

"आहे! पदवीधर आहे!"

तिकडून बाई म्हणाल्या, "अरेरे."

म्हटलं, "अरेरे? अरेरे म्हणजे काय?"

"ही जागा शिकणाऱ्यांसाठी आहे. शेवटचं वर्ष पुलावर काम करायचं, त्यावरच प्रबंध लिहायचा. पदवीधरांना नाही घेत."

"मग पदवीधर आहे का, असं विचारलंत कशाला?"

"नाही ना, याची खात्री करायला! असो. लेखी आलं की नाव काढते."

तुम्हाला सांगतो... नव्या बातमीदारांना आयुष्यभर ओरडून सांगत आलो, प्रश्न काय विचारला ते कुणीही लिहील रे, का विचारला ते शोधा! आणि स्वतः? तेवढ्यात दार वाजलं. लेक. उन्हानं करपलेली, बूट चिखलाचे, चेहरा नुसता फुललेला. "बाबा, डोंगर पुस्तकात दिलाय त्याहून बुटका निघाला!"

मी सांगितलं सगळं. हसू मावळलं. ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मी पदवी मुद्दाम मागितली नव्हती, बाबा. त्या पुलासाठीच जिन्याखाली राहत होते."

आमच्या हिनं माझ्या चपला उचलून दारात सरळ करून ठेवल्या.  

मी पोरीला घेऊन तडक विभागात. बाईंपुढे हात जोडले, पदवी परत घ्या! "दिली ती दिली. परत घ्यायची पद्धत नाही." मग नव्या इमारतीत. पायरीवर अडखळलो. गृहस्थ झाडाची पानं पुसतायत. म्हणाले, "हुकूम आलाय. सही मात्र मी करणार नाही."

माझ्या जुन्या सवयीनं मी खेकसलो, "का नाही?"

"ती आमची विद्यार्थिनी नाही. जी आमची नाही, तिच्या हुकमावर सही कशी करू?"

"तुमची कधी होईल?"

"पदवीधर झाल्यावर."

"आणि पदवीधर कधी?"

"मी सही केल्यावर."

मी तोंड उघडलं, भांडायला... आणि लेकीनं माझा दंड असा दाबला, की अजून वळ आहे. पुढे झाली, आवाज एकदम मधाळ. "सर, म्हणजे या क्षणी मी पदवीधर नाही?"

"मुळीच नाही."

"लेखी द्याल?"

"आनंदानं!"

तो कागद घेऊन पोरगी कंपनीकडे धावली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो बोळ कुणीतरी न अडखळता ओलांडला असेल. आता ती पुलावर आहे. डोक्यावर हेल्मेट, घसा बसलेला, हाताखाली माणसं. प्रमुख म्हणाले, हे वर्ष कुणाकडे धरायचं ते शेवटी बघू, एकदम. हुकूम नव्या इमारतीत पडून आहे, सही नाही. आणि नातेवाईक? रोज फोन! काका, मावशी, शेजारी... "काय हो, लेक पदवीधर झाली का?"

श्श! हळू बोला! ठरलेलं नाहीये ते अजून. आणि तुमच्यापैकी कुणाची त्या विभागात ओळखबिळख असेल ना, तर हात जोडून सांगतो... तेवढी वापरू नका!